फिरत्या घरासाठी मार्गदर्शक यंत्र निवडताना

पॅरिस शहराच्या पश्चिमेस रुई-माल्मेझों आणि व्हेलिझी या उपनगरांना जोडणारा सुमारे दहा किलोमीटर लांबीचा एक भुयारी मार्ग आहे. ए-८६ या वर्तुळमार्गाचा तो भाग असून २००९ ते २०११ या काळात तो दोन टप्प्यांनी वाहतुकीस खुला झाला. एकाच भुयारात एकावर एक असे दोन मजले काढून जाण्याचा व येण्याचा रस्ता वेगळा केलेला असल्यामुळे प्रत्येक मजल्याची उंची बेताचीच ठेवणे स्थापत्यकारांना भाग पडले. दोन मीटरपेक्षा अधिक उंचीच्या वाहनास तेथे प्रवेश नाही. साधी मोटार या भुयारातून काही मिनिटांत पार होते. परंतु ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय केलेली असते, अशा मोटारहोमची उंची सर्वसाधारणपणे पावणेतीन ते तीन मीटरच्या घरात असते. असे वाहन या भुयाराच्या तोंडाशी येऊन ठेपले म्हणजे चालकाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना केलेली बरी. पुढे जाता येत नाही आणि मागे वाहनांची रांग लागलेली असते.

त्याला तेथपर्यंत आणणारे बहुधा त्याच्या समोरच्या काचेजवळ बसविलेले मार्गदर्शक यंत्रच असते. यंत्राचे गणित चुकलेले नसते. दोन उपनगरांमधील सर्वांत जवळचा रस्ता त्याने अचूक शोधून काढलेला असतो. वाहनाची उंची मात्र त्यास कोणी सांगितलेली नसते, आणि पुष्कळ यंत्रांत ती सांगण्याची सोयही नसते. मोटारहोमसाठी यंत्र निवडताना जो काही विचार करावयाचा, तो सारा या एका गोष्टीभोवती फिरतो.

हा विषय गोमंतकीय वाचकास अगदीच परका नाही. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने भारतात येणाऱ्या प्रवाशांच्या वाटेचे शेवटचे टोक गोवा हे होते. त्यांतील अनेकजण राहण्याजोगी केलेली वाहने घेऊन येत. पुढील काळातही परदेशी नोंदणीची अशी वाहने हिवाळी हंगामात किनाऱ्यावरील गावांत दिसत आली आहेत. इंग्लंडातील स्विंडन शहरात गोमंतकीयांची मोठी वसाहत झालेली आहे. तेथे सुट्टीत मोटारहोम भाड्याने घेऊन सहकुटुंब फिरण्याची पद्धत रूढ आहे. इकडे महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनास उत्तेजन देणारी धोरणे जाहीर केली. तेव्हा या वाहनाची आणि त्यास रस्ता दाखविणाऱ्या यंत्राची ओळख करून घेणे उपयुक्त ठरावे.

उपग्रह काय सांगतो

या यंत्रासंबंधी सर्वसाधारण समजूत अशी असते की, उपग्रह वरून वाहनाकडे पाहत असतो आणि कोठे वळावे हे कळवीत असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. उपग्रहास खालच्या वाहनाची दादही नसते. तो केवळ आपले स्थान व अचूक वेळ यांचा संदेश अखंड प्रक्षेपित करीत राहतो. खालचे यंत्र तो संदेश ग्रहण करते. संदेश निघाला केव्हा व पोहोचला केव्हा, यांतील अंतरावरून उपग्रह किती दूर आहे याचे गणित मांडले जाते. संदेशाचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. त्यामुळे वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशे मीटरचा फरक पडतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान निश्चित होते. यंत्रातील साध्या घड्याळाची चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. उपग्रहांवरील आण्विक घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाकाठी सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाने सांगितलेला हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात यंत्र कित्येक किलोमीटरांनी चुकू लागेल. केवळ कागदावरचा मानला गेलेला एक सिद्धांत अशा रीतीने मोटारचालकाच्या नित्य व्यवहारात येऊन बसला आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णत्वाने कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह दिवसातून दोन वेळा पृथ्वीस प्रदक्षिणा घालतात. नागरी वापरासाठीच्या संदेशात हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्यानंतरच मोटारीतील यंत्रांचा खऱ्या अर्थाने प्रसार झाला. रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या यंत्रणाही आता उपलब्ध आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१३ पासून उपग्रह सोडून उभारलेल्या प्रादेशिक यंत्रणेस २०१६ साली नाविक हे नाव मिळाले. भारत व त्याच्या सीमेपासून सुमारे दीड हजार किलोमीटरपर्यंतचा प्रदेश हे तिचे क्षेत्र होय.

आजचे बहुतेक ग्राहकयंत्र यांपैकी एकाहून अधिक यंत्रणांचे संदेश घेऊ शकते आणि मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत अचूक स्थान दाखवू शकते. सबब, अमुक यंत्र किती उपग्रह पकडते ही विक्रेत्याने केलेली जाहिरात मोटारहोमच्या मालकाने फारशी मनावर घेण्याचे कारण नाही. स्थान सर्वांनाच कळते. काही वाहनांच्या समोरच्या काचेत उष्णतारोधक धातूचा पातळ थर असतो व तो संदेश अडवितो, एवढी एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वी तपासावी. अशा वेळी निराळी तार जोडून आकाशिका बाहेर बसविता येईल, असे यंत्र घ्यावे.

नकाशा काय सांगतो

खरा प्रश्न नकाशाचा आहे. यंत्राच्या पोटात साठविलेल्या नकाशात प्रत्येक रस्ता म्हणजे तुकड्यांची एक मालिका असते. प्रत्येक तुकड्यास त्याची लांबी, वेगमर्यादा, एकेरी की दुहेरी वाहतूक अशी माहिती जोडलेली असते. यंत्र त्या माहितीवरून लांबीची वा वेळेची बेरीज करते आणि सर्वांत कमी बेरजेचा मार्ग पुढे ठेवते. एखाद्या तुकड्याला पुलाची उंची, कमानीची रुंदी किंवा भाराची मर्यादा जोडलेली असेल आणि यंत्रास आपल्या वाहनाची मापे ठाऊक असतील, तरच ते तो तुकडा वगळू शकते. या दोहोंपैकी एक गोष्ट नसली तरी दुसरी निरुपयोगी ठरते.

ब्रिटनमध्ये ज्या पुलाखाली १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मीटर, यांहून कमी मोकळी जागा असते त्यावर उंचीचा फलक लावण्याचा प्रघात आहे. जुन्या रेल्वेमार्गांखालच्या विटांच्या कमानी एकोणिसाव्या शतकात बैलगाड्या-घोडागाड्यांच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यांवर उंच वाहने आदळण्याचे प्रकार त्या देशात दरवर्षी हजाराहून अधिक वेळा घडतात. त्यांतील बहुसंख्य वाहने मालमोटारी असतात हे खरे. तीन मीटर उंचीचे मोटारहोम पाच मीटरच्या कमानीखालून निर्धास्त जाते. त्यास अडचण येते ती ग्रामीण भागातील विशेष ठेंगण्या कमानींची, आणि त्याहून अधिक म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील वा बाजारपेठेतील वाहनतळांच्या तोंडाशी टांगलेल्या आडव्या दांड्यांची. या दांड्या दोन मीटरांच्या आसपास उंचीवर असतात. उंच वाहनांनी तळावर मुक्काम ठोकू नये, हाच त्यांचा उद्देश. वस्तीतून आडवाटेने जाणारी वाहतूक रोखण्यासाठी रस्त्यावर रोवलेले साडेसहा किंवा सात फुटांच्या अंतरावरील खांब हीदेखील अशीच एक अडचण आहे. मोटारहोमची रुंदी आरसे सोडून सुमारे सव्वादोन ते २.३५ मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या आसपास असते.

भाराच्या मर्यादेतील एक बारकावा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये मालमोटारीचे चित्र काढून त्यावर साडेसात टन असे लिहिलेला फलक केवळ मालवाहू वाहनांना लागू असतो. राहण्याच्या वाहनास तो लागू नाही. मात्र कमकुवत पूल असे लिहून भार दर्शविणारा फलक सर्व वाहनांना बंधनकारक असतो. मालमोटारींसाठी तयार केलेले यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून मोटारहोममध्ये बसविले, तर ते पहिल्या प्रकारचे फलकही पाळू लागते आणि विनाकारण दहावीस किलोमीटरांचा वळसा घ्यावयास लावते. मोटारीसाठीचे यंत्र धोक्याच्या रस्त्यावर नेते, मालमोटारीचे यंत्र चांगल्या रस्त्यावरून दूर नेते. या दोहोंच्या मधले असे यंत्र मोटारहोमसाठी हवे असते. गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांनी कॅम्पर या नावाने अशी यंत्रे बाजारात आणली, ती याच कारणाने. त्यांची किंमत मोटारीच्या साध्या यंत्रापेक्षा बरीच अधिक पडते. भ्रमणध्वनीवरील नेहमीच्या मोफत नकाशांत वाहनाची उंची सांगण्याची सोय नसते. मात्र मोटारहोमची मापे स्वीकारणारे काही सशुल्क कार्यक्रम भ्रमणध्वनीसाठीही मिळतात, आणि वर्षातून एखादाच प्रवास करणाऱ्यास ते पुरेसे होतात.

आपल्या वाहनाची मापे

यंत्र कितीही उत्तम असले तरी त्यास खरी मापे देणे हे मालकाच्या हाती असते. पुष्कळजण कारखान्याच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे भरतात, आणि घोटाळा होतो तो येथेच. माहितीपत्रक छापले गेले त्यानंतर छतावर वातानुकूलन यंत्र चढलेले असते, दूरचित्रवाणीची तबकडी बसलेली असते, सामानाची पेटी आलेली असते. मागे सायकलींची चौकट लावल्याने लांबीत भर पडलेली असते. वाहन सपाट जागी उभे करून छतावरील सर्वांत उंच वस्तूवर एक सरळ फळी आडवी धरावी. फळीचे टोक बाजूस बाहेर आले की तेथून जमिनीपर्यंत फितीने अंतर मोजावे. पाणसळीने फळी समतल असल्याची खात्री करावी. टायरमधील हवा व आतील सामान यांनुसार एकदोन बोटांचा फरक पडतो, म्हणून मोजलेल्या उंचीत दहा सेंटिमीटर मिळवून तो आकडा यंत्रात भरणे शहाणपणाचे. रुंदी आरशांच्या टोकापासून टोकापर्यंत धरावी.

ब्रिटनमधील फलकांवर फूट-इंचांबरोबर मीटरचेही आकडे असतात, पण जुन्या फलकांवर केवळ फूट-इंच आढळतात. फ्रान्स, जर्मनी येथे सर्वत्र मीटर असतात. समुद्र ओलांडून जाणाऱ्याने आपली उंची दोन्ही मापांत एका कागदावर लिहून सुकाणूजवळ चिकटवून ठेवावी. कमान समोर दिसू लागल्यावर गुणाकार करीत बसण्यास सवड नसते.

वजनाचा प्रश्न उंचीपेक्षाही नाजूक आहे. ब्रिटनमध्ये ज्यांनी १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा दिली, त्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचेच वाहन चालविता येते. म्हणून बहुतेक मोटारहोम नेमकी त्या मर्यादेत बसतील अशी बांधलेली असतात. परंतु शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वाढले. चार माणसे, दोन सायकली, वायूची टाकी, अंथरुणे, भांडी, धान्य हे सारे धरता मर्यादा केव्हा ओलांडली गेली हे कळतही नाही. सामान भरल्यानंतर वाहन एकदा वजनकाट्यावर नेऊन जो आकडा येईल तो यंत्रात घालावा. पुलाच्या फलकावर अनेकदा प्रत्यक्ष वजनाऐवजी वाहनाचे नोंदलेले कमाल वजन अभिप्रेत असते. त्यामुळे दोन आकड्यांपैकी मोठा तो देणे सुरक्षित होय.

या आकड्यांचा संबंध खिशाशीही आहे. फ्रान्समधील पथकरात दोन ते तीन मीटर उंचीची व साडेतीन टनांपर्यंतची वाहने दुसऱ्या वर्गात मोडतात. तीन मीटरला पोहोचले किंवा साडेतीन टनांच्या वर गेले की तिसरा वर्ग लागतो व कर बराच वाढतो. छतावरील एका पेटीपायी संपूर्ण प्रवासाचा पथकर वाढल्याची उदाहरणे विरळा नाहीत. ऑस्ट्रियात साडेतीन टनांखालील वाहनास मुदतीचा परवाना-पट्टा पुरतो. त्यावरील वाहनास अंतरानुसार कर मोजणारी पेटी वाहनात बसवावी लागते. लंडनमध्ये २००८ पासून जड वाहनांसाठी आणि २०१९ पासून इतर वाहनांसाठीही धूरनियंत्रणाचे विभाग अमलात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या प्रकारचा विभाग सबंध लंडनभर लागू झाला. जर्मनीतील अनेक शहरांत हिरवी पट्टी नसलेल्या वाहनास प्रवेश नसतो. असे विभाग टाळून जाण्याची सोय यंत्रात आहे किंवा नाही, हे विकत घेतानाच विचारावे. याच ओघात आणखी एक सूचना करणे इष्ट आहे. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा इशारा देण्याची सोय ब्रिटनमध्ये वैध असली, तरी जर्मनी व स्वित्झर्लंड येथे चालकाने तिचा वापर करण्यास बंदी आहे. फ्रान्समध्येही २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखविता येत नाही. सीमा ओलांडण्यापूर्वी ती सोय बंद करावी.

चढ, वळणे आणि अरुंद वाटा

उंची व वजन यांत बसणारा रस्तादेखील मोटारहोमला मानवेलच असे नाही. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील पोर्लॉक येथील टेकडीवर ए-३९ या रस्त्याचा चढ चारास एक असा आहे. पूर्ण भरलेले वाहन त्या वळणावर अडखळले की मागे घसरण्याची भीती असते. शेजारून पथकर देऊन जाण्याचा सौम्य चढाचा एक खासगी रस्ता आहे. माहीतगार चालक ते थोडे पैसे आनंदाने देतात. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट खिंडीत तर चढ तीनास एक आहे. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसकडे नेणाऱ्या बीलाख ना बा या ६२६ मीटर उंचीच्या खिंडीच्या पायथ्याशी नवशिक्या चालकांनी व मोठ्या वाहनांनी पुढे न जाण्याची सूचना देणारा फलकच उभा आहे. तेथे एकाच वाहनापुरता रस्ता असून समोरून कोणी आल्यास ठरावीक जागी बाजूस घ्यावे लागते. कोकणातल्या पाणंदीतून बैलगाडी हाकणाऱ्यास हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा रस्त्यांवर कायद्याची बंदी बहुधा नसते. त्यामुळे केवळ बंदी पाहणारे यंत्र त्यांना सुरक्षितच समजते. चांगल्या यंत्रात तीव्र उतार, तीव्र वळण, बाजूचा जोरदार वारा यांचा आगाऊ इशारा मिळतो आणि अरुंद रस्ते टाळण्याची आज्ञा देता येते. या सोयीचे मोल अन्य कोणत्याही शोभेच्या सोयीपेक्षा अधिक आहे.

पडद्याच्या आकाराविषयी थोडक्यात एवढेच, की मोटारहोममध्ये समोरची काच चालकापासून लांब असते. म्हणून पाच इंचांच्या पडद्यापेक्षा सात इंचांचा बरा. पण तो दृष्टीच्या आड येता कामा नये. आवाजाच्या सूचना वेळेआधी मिळाल्या पाहिजेत. स्विंडनमध्ये १९७२ साली बांधलेले एक प्रसिद्ध वर्तुळ आहे. मध्यभागी एक मोठे व त्याभोवती पाच लहान वर्तुळे अशी त्याची रचना आहे. तेथे सूचना दोन सेकंद उशिरा आली तर सात मीटर लांबीचे वाहन भलत्याच रस्त्याला लागते, आणि परत वळण्यास जागा सापडेपर्यंत बराच काळ जातो. कोणत्या मार्गिकेत राहावे हे चित्राने दाखविणारे यंत्र अशा ठिकाणी उपयोगी पडते.

मुक्कामाचे ठिकाण यंत्रास कसे सांगावे, हाही एक प्रश्नच आहे. ब्रिटनमध्ये टपालाचा संकेतांक घालण्याची सवय आहे. शहरात तो काही घरांपुरताच असतो, पण ग्रामीण भागात त्याच संकेतांकात कित्येक शेते येतात आणि यंत्र शेताच्या मागल्या फाटकाशी नेऊन सोडते. यास्तव अनेक मुक्कामस्थळांचे चालक आपल्या पत्रकात अक्षांश-रेखांश देतात, किंवा शेवटच्या मैलात यंत्र बंद करून फलक पाहावेत असे स्पष्ट लिहितात. अक्षांश-रेखांश थेट भरता येतात की नाही, आणि ते अंश-कलांत की दशांशांत, हे यंत्र हाताळून पाहावे. नकाशा आजन्म विनामूल्य सुधारून मिळेल असे विक्रेता सांगतो, तेव्हा आजन्म म्हणजे यंत्राच्या आयुष्यभर, मालकाच्या नव्हे, हेही लक्षात ठेवावे. डोंगराळ भागात भ्रमणध्वनीची सेवा नसते, म्हणून नकाशा यंत्रातच साठविलेला असणे जरूर आहे.

यंत्राची खरी पारख दुकानातच होऊ शकते. वाहनाची उंची २.९० मीटर भरावी आणि रुई-माल्मेझोंहून व्हेलिझीस जाण्याचा रस्ता विचारावा. यंत्राने भुयारी मार्ग सोडून बाहेरचा रस्ता दाखविला पाहिजे. मग उंची १.९० मीटर करावी. आता त्याने भुयारातून नेले पाहिजे. दोन्ही वेळा एकच उत्तर आले, तर उंचीचा आकडा यंत्र नुसता लिहून घेते, वापरीत नाही, असे समजावे. वाचकाने आपल्या गावाजवळची एखादी ठेंगणी कमान घेऊन हीच परीक्षा करावी.

भारतात येताना

युरोपातून आलेल्या वा तेथून यंत्र आणणाऱ्या प्रवाशाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली कायद्याची आहे. केवळ संदेश ग्रहण करणारे मार्गदर्शक यंत्र जवळ बाळगण्यास भारतात हरकत नाही. परंतु उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी यंत्रे, मग ती उपग्रह-दूरध्वनी असोत की संकटसमयी हाक देणारी हातात मावणारी उपकरणे असोत, दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीवाचून आणता येत नाहीत. गोव्यातील विमानतळावर अशा उपकरणासह आलेल्या परदेशी प्रवाशांवर २०२४ साली कारवाई झालेली आहे. एकाच कंपनीची दोन्ही प्रकारची यंत्रे दिसण्यात सारखी असल्यामुळे गैरसमज होतो. ज्या यंत्रात दोन्ही सोयी एकत्र आहेत ते भारताच्या प्रवासासाठी न घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. युरोपच्या नकाशात पुलापुलाची उंची नोंदलेली असते, तशी ती सर्वत्र नोंदलेली असतेच असे नाही. जेथे नोंद नाही तेथे उंची भरूनही यंत्र काही बोलत नाही, आणि चालक त्या मौनाचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा घेतो. गोव्याच्या अंतर्भागात रेल्वेखालचे बोगदे, जुने साकव, दोन घरांच्या पडव्यांमधून जाणारे पोर्तुगीज अमदानीतील रस्ते आणि वरून झुकलेल्या माडांच्या झावळ्या व विजेच्या तारा या सर्वांची मापे यंत्रात सापडणार नाहीत. अशा ठिकाणी वाहन थांबवून सोबत्याने खाली उतरावे व उंची पाहून घ्यावी. सुकाणूजवळ चिकटविलेला कागद तेव्हा उपयोगी पडतो.

बेळगाव व गोवा यांमधील घाटांचे उदाहरण घेता येईल. यंत्रास विचारले तर ते साहजिकच जांबोटी-चोर्लेमार्गे जावयास सांगेल, कारण तो रस्ता जवळचा आहे. रामनगर-अनमोडमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग लांबचा पडतो. परंतु पावसाळ्यात दरड कोसळून वा रस्ता खचून या घाटांपैकी कधी एकावर, कधी दुसऱ्यावर जड वाहनांस बंदी घालण्याचा आदेश निघतो. असा तात्पुरता आदेश यंत्रातील साठविलेल्या नकाशात येत नाही. गोव्याकडून चढणाऱ्यास मोले व केरी येथील तपासणी नाके घाटाच्या अलीकडेच लागतात व तेथे थांबून विचारता येते. बेळगावकडून उतरणाऱ्यास मात्र नाका घाट उतरल्यावर भेटतो. त्याने ही चौकशी रामनगर किंवा जांबोटी येथेच करून पुढे निघावे.